चार पर्याय नसलेला प्रश्न

लातूरला आमच्या गल्लीत बायकांना नावं नाहीत, गावं आहेत. एक किनवटवाली, एक बिलोलीवाली, आणि मी नांदेडवाली. सगळ्याजणी आपापल्या लेकरासाठी भाजी-भाकरी करायला इथं खोली करून राहिलेल्या. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्याकडं आता ही रीतच पडली आहे. लेकरू दहावी झालं आणि डॉक्टर व्हायचं म्हणालं, की त्याला लातूरला क्लास लावायचा, आणि मेसचं खाऊन पोट बिघडू नये म्हणून घरातली एक बाई त्याच्यासोबत पाठवायची. कुणाची आई येते, कुणाची मावशी येते. आमच्यात लेकीला नोकरी, जावयाला नोकरी. मग नातीसोबत जायला मोकळं कोण? तर आजी.

जावई काही वाईट बोलले नाहीत हो, गुणाचा माणूस आहे. एवढंच म्हणाले, "आई, तुम्हालाही तेवढाच बदल होईल."

मी म्हणाले, "येते की. पण माझं कॉलेज मी सोडणार न्हाई."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण त्याच उन्हाळ्यात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. बाहेरून शिकायचं, रविवारी नांदेडला वर्ग, बाकी आठवडा आपलं आपण वाचायचं. घरच्यांना वाटलं होतं, आजीची हौस आहे, चार रविवार जाईल आणि गुडघे दुखायला लागले की बसेल घरी. नात मात्र लगेच म्हणाली, "येऊ दे ना आज्जीला कॉलेज घेऊन. मला पण सोबत होईल अभ्यासाला."

अशी मी लातूरला आले. एका पिशवीत तिची पुस्तकं, दुसरीत माझी, आणि डोक्यात एकच धास्ती. इंग्रजी.

ही धास्ती जुनी आहे. मी लोह्याजवळच्या एका खेड्यातली. दहावीला सगळ्या विषयांत पास झाले आणि इंग्रजीत गेले. त्या काळी मुलगी एका विषयात गेली काय आणि सगळ्यांत गेली काय, हिशेब सारखाच होता. वडील रागावले नाहीत, आई रडली नाही, कुणी काही बोललंच नाही. पुढच्या लग्नसराईत माझं लग्न झालं. पुढं लेकीचे हात पिवळे केल्यावर मी घरी बसून दहावी काढली, मग बारावीही काढली. वाचायचं वेड होतं. विहाराच्या वाचनालयातली पुस्तकं आणायची, भाजी चिरता चिरता वाचायची. पण इंग्रजीत दोन्ही वेळा अशी घासून निघाले, की पास झाले का मास्तरांना दया आली, हे मला आजही सांगता येत नाही. लिहून होतं, वाचून होतं. बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

आणि पहिल्या वर्षाला इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे म्हणून सांगितलं. समोर सर बसणार, आपण आपल्या छंदाविषयी इंग्रजीत बोलायचं, मग ते दोन-चार प्रश्न विचारणार. ते ऐकलं त्या दिवशीच मी घरी जाहीर करून टाकलं, "ह्यावेळी इंग्रजीत गेले तर पुन्हा पुस्तकाला हात लावणार न्हाई. लई झालं."

आमचे हे म्हणाले, "म्हंजी आता तुझी पुस्तकं वाळवीपासून वाचवायची जबाबदारी आमच्यावर आली."

हे कचेरीत कारकून होते, आता रिटायर आहेत. नांदेडला घर सांभाळतात. वरण-भात येतो, पोळी येत नाही. दर रविवारी मला घ्यायला स्टँडवर स्कूटर घेऊन येतात आणि वर्ग सुटेपर्यंत कॉलेजच्या लिंबाखाली पेपर वाचत बसतात.

तर नातीनं माझं इंग्रजी मनावर घेतलं. आता तिची शिकवण्याची पद्धत कुठली असणार? लातूरचीच. खोलीच्या भिंतीवर तिचं वेळापत्रक होतं, त्याच्याशेजारी तिनं माझं चिकटवलं. पहाटे शब्द, स्वयंपाक झाल्यावर उतारा, दुपारी वाचन, संध्याकाळी टेस्ट. टेस्ट म्हणजे प्रश्न आणि खाली चार पर्याय. ए, बी, सी, डी. चुकलं तर मार्क कापणार.

"अगं माय, आज्जीचे मार्क कापतीस?"

"निगेटिव्ह मार्किंग सगळ्यांना हाय. आज्जी म्हणून सूट न्हाई."

पहिल्या महिन्यात मी रोज शून्याच्या खाली असायचे. पण काय सांगू, मजा यायला लागली. पोरगी स्वतः क्लासमध्ये दिवसभर टेस्ट देऊन, तोंड एवढंसं करून घरी यायची, आणि माझी टेस्ट घ्यायला बसली की तिच्या अंगात वारं यायचं. चष्मा सारून म्हणायची, "वेळ सुरू." मी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बोट दाखवायचे, "बी." ती म्हणायची, "विचार कर." मी म्हणायचे, "मग सी." "आज्जी, तू अंदाजे मारून राहिलीस!" दिवाळीपर्यंत मी अशी तयार झाले की प्रश्न पुरता वाचायच्या आधी दोन पर्याय खोडून टाकायचे. कोणते दोन चुकीचे आहेत हे त्यांच्या तोंडावरून कळतं. नात म्हणाली, "तू क्लासला असतीस तर टॉपर आली असतीस."

मी फुगले. फुगू नये का माणसानं?

आता दुपारचं सांगते. वेळापत्रकात दुपारी "वाचन" लिहिलं होतं. लेकरं डबा घेऊन क्लासला गेली की गल्ली एकदम सुनसान होते. धुणं, भांडी, फरशी, सगळं उरकून बायका दारात बसतात आणि काय करावं ते कळत नाही. स्वतःचं घर असलं तर शंभर कामं निघतात. एका खोलीत काम ते किती निघणार? पहिले काही दिवस आम्ही नुसत्या एकमेकींची भाजी विचारत होतो.

मग एकदा घरमालकीणबाईंच्या जिन्याखाली मला कॅरमचा बोर्ड दिसला. जुन्या भाडेकरूचं कोणतं तरी पोरगं टाकून गेलेलं. मी पदरानं पुसला, बोट फिरवून पाहिलं. एका कोपऱ्याला फुगलेला, बाकी छान. विचारलं, "घेऊ का?"

मालकीणबाई म्हणाल्या, "घ्या की. पण तुम्हाला येतं का?"

येतं का म्हणजे! आमच्या ह्यांच्या कचेरीत नवा बोर्ड आला तेव्हा जुना त्यांनी घरी आणला होता. संसारात आम्ही सिनेमा फार पाहिले नाहीत, फिरायला फार गेलो नाहीत, पण रात्रीचं जेवण झालं की कॅरम. तीस-पस्तीस वर्षं. सुरुवातीला ते मला मुद्दाम जिंकू द्यायचे. नंतर मुद्दाम करायची गरज राहिली नाही.

मग काय, रोज दुपारी जिन्याखाली आमचा डाव बसायला लागला. किनवटवाली, बिलोलीवाली, मालकीणबाई आणि मी. किनवटवालीनं कॅरम कधी खेळला नव्हता, पण तिचा नेम! जंगलातल्या गावची बाई, लहानपणी गलोलीनं चिंचा पाडायची म्हणे. महिन्याभरात ती मला भारी पडायला लागली. बिलोलीवालीचा स्ट्रायकर नेमका खड्ड्यात जायचा, की ती कपाळाला हात लावून ओरडायची, "अम्मा!" मालकीणबाई बोटानं मारायच्या नाहीत, ढकलायच्या. "फाउल!" आम्ही तिघी ओरडायचो. "माझ्या घरात मला फाउल?" त्या म्हणायच्या. पण दंडाची सोंगटी निमूट काढून ठेवायच्या. जी हरेल तिनं सगळ्यांना चहा करायचा, असा नियम.

हे मात्र लेकरांपासून लपवलेलं. म्हणजे पाप नव्हतं काही, पण बरं दिसत नव्हतं. लेकरं तिकडं मान मोडून अभ्यास करून राहिलीत आणि आया-आज्या इकडं राणी घेऊन राहिल्यात! क्लास सुटायच्या आधी बोर्ड जिन्याखाली, सोंगट्या मालकीणबाईंच्या रिकाम्या लोणच्याच्या बरणीत, आणि आम्ही आपापल्या दारात मेथी निवडत. किनवटवाली तर मेथीची एकच जुडी आठवडाभर निवडायची, असं आम्ही तिला चिडवायचो.

आता रविवारचं. दिवाळीच्या आधीच्या वर्गात सरांनी ठरवलं, तोंडी परीक्षेची तालीम घ्यायची. सर तरुण आहेत, माझ्या लेकीच्या वयाचे. वर्गात सगळे रविवारचे विद्यार्थी. कुणी दुकानात काम करतं, कुणी होमगार्डमध्ये आहे, दोन अंगणवाडीताई. मला सगळे काकू म्हणतात. सरांनी मला उठवलं आणि विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?"

प्रश्न मला कळला. शब्द न् शब्द कळला. मी उभी राहिले आणि थांबले. सरही थांबले. मी वाट बघतेय, ते वाट बघताहेत. शेवटी मीच विचारलं, "सर, ऑप्शन्स?"

"काय?"

"चार पर्याय. ए, बी, सी, डी."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले लोक डोकावून गेले. सरांनीही तोंडावर हात धरला. म्हणाले, "काकू, जेवलात तुम्ही. ऑप्शन मी कुठून देऊ?"

मीही हसले. काय करता? पण बसल्यावर हिशेब मांडला. इतके महिने मी शिकले ते काय, तर दुसऱ्यानं चार उत्तरं समोर ठेवली की त्यातलं बरोबर उचलायचं. कुणी काही ठेवलंच नाही, तर माझ्याकडं स्वतःचं एकही उत्तर नव्हतं. ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी खाऊन आले होते. तेवढंही बोलता आलं नाही.

संध्याकाळी लातूरला येऊन नातीला सांगितलं. ती हसली नाही. पेनचं टोक चावत म्हणाली, "म्हणजे माझी मेथड चुकली." मग लातूरच्या पोरीनं लातूरचाच दुसरा उपाय काढला. पर्याय नसतील तर पाठांतर. "विषय ठरलेलाय ना? छंद. मग तुझ्या छंदावर निबंध पाठ करून टाक. तुझा छंद काय आज्जी?"

"मला कुठला छंद?"

खरंच सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात कॅरम आलाच नाही. आमच्याकडं छंद ह्या शब्दाला चांगला वास नव्हता. अमक्याला छंद लागला म्हणजे तो कामातून गेला. छंदीफंदी माणसाला कुणी पोरगी देत नसे. छंद असतो मोठ्या लोकांना, ज्यांच्या बंगल्यात त्याच्यासाठी वेगळं कपाट असतं. कॅरम म्हणजे आपला टाइमपास. तोही चोरून.

नातीनं गाईड उघडलं. त्यात छंदावर एकच निबंध होता. टपालाची तिकिटं जमवणं. इंग्रजीत त्याला एक असं लांबलचक नाव की म्हणेपर्यंत दम लागावा. ती म्हणाली, "हेच कर. सोपं हाय."

मी जन्मात एक तिकीट जमवलेलं नाही. पण पाठ करायला घेतलं. पहाटे भाकरी थापताना पाठ, बसमध्ये पाठ. लातूरहून रविवारची पहिली गाडी धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेडला. अहमदपूरपर्यंत पहिला परिच्छेद, लोह्यापर्यंत दुसरा. लोहा आलं की मी क्षणभर थांबायचे, खिडकीतून आमच्या गावाकडच्या फाट्याकडं बघायचे आणि पुन्हा सुरू. डोळे मिटून ओठ हलवत बसलेली म्हातारी बघून एकदा शेजारची बाई भक्तिभावानं म्हणाली, "माय, कोणता पाठ म्हणून राहिलात? मला बी सांगा, माझ्या पोराला नोकरी लागंना."

मी म्हणाले, "बाई, हा पाठ इंग्लिशचा हाय. ह्यानं मलाच काही मिळतंय का ते बघून राहिले."

बघता बघता निबंध तोंडपाठ झाला. झोपेतून कुणी उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता. फक्त अधूनमधून वाटायचं, हे बोलतंय कोण? "आय हॅव अ लार्ज अँड ब्यूटिफुल कलेक्शन." कोणाचं कलेक्शन? कुठंय ते?

उन्हाळा लागला आणि परीक्षेचा रविवार आला. आदल्या दुपारी डाव मांडलाच नाही, किनवटवालीनं मांडू दिला नाही. म्हणाली, "आज तुम्ही नुसतं वाचा. तुमच्या वाटणीचा चहा मी करते." बिलोलीवालीनं लिंबाचं लोणचं बांधून दिलं, तोंडाला चव राहावी म्हणून. नात सकाळी उठून बसथांब्यापर्यंत आली आणि माझ्या हातात पेन दिला.

"तोंडी परीक्षा हाय गं, पेन कशाला?"

"लकी हाय माझा. धरून बस."

ह्यांनी नांदेडच्या स्टँडवर मला पाहिलं आणि नेहमीसारखी चेष्टा केली नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली. स्कूटरवर एवढंच म्हणाले, "इंग्रजीत गेलीस तरी काय होतंय? घरचं वाचनालय तर बंद होणार न्हाई ना?" त्यांना माहीत होतं मी बोलले ते खरं करणारी आहे.

एकेकाला आत बोलवत होते. आम्ही बाकीचे व्हरांड्यात, खिडक्या उघड्या, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. पहिला होमगार्डवाला गेला. "माय हॉबी इज..." आणि तेच लांबलचक नाव! मी चमकले. मग अंगणवाडीताई गेली. तीही तिकिटं जमवते. तिचंही कलेक्शन लार्ज अँड ब्यूटिफुल. दुसरी ताई, तेच. दुकानातला पोरगा, तेच. नांदेडच्या बाजारात एकच गाईड, त्यात छंद एकच, आणि आम्ही सगळ्यांनी तो इमानदारीनं पाठ केलेला. व्हरांड्यात आम्ही एकमेकांकडं बघत होतो. आता बदलायचं कसं? बस निघाल्यावर गाव बदलता येतं होय?

माझा नंबर आला. आत गेले, बसले. सरांच्या चेहऱ्यावर अशी कळा, जशी रोज तीच भाजी पानात पडल्यावर आमच्या नातीच्या तोंडावर येते.

"माय हॉबी इज..." मी सुरू केलं, आणि तिकिटांचं नाव घेतलं.

सरांनी पेन खाली ठेवला. पण चिडले नाहीत. इंग्रजीतच शांतपणे विचारलं, तिकिटं कुठं ठेवता तुम्ही?

हे गाईडात नव्हतं. माझा निबंध जिथल्या तिथं थांबला. पुढची ओळ आठवेना, मागची आठवेना. कानात नुसता पंख्याचा आवाज. मनात आलं, गेलं. दहावीला गेलं तसंच गेलं. आता उठावं, नमस्कार करावा, लिंबाखाली जाऊन ह्यांना म्हणावं, चला घरी.

सरांनी जरा थांबून दुसरं विचारलं. "ओके. टेल मी, व्हॉट डू यू डू आफ्टर लंच?"

जेवल्यावर काय करता? साधा प्रश्न. पर्याय नाहीत. पण ह्याला पर्याय लागतच नव्हते. जेवल्यावर मी काय करते हे मला माहीत होतं.

"आफ्टर लंच," मी म्हणाले, "आय प्ले."

सर सावरून बसले. "यू प्ले? व्हॉट डू यू प्ले?"

"कॅरम."

आणि मग काय झालं ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही. मी बोलत सुटले. "फोर लेडीज. वन बोर्ड. अंडर स्टेअरकेस. फर्स्ट पावडर, देन ब्रेक. किनवट लेडी, व्हेरी गुड कट. आय टेक क्वीन. आफ्टर क्वीन, कव्हर. नो कव्हर, क्वीन गोज बॅक. स्ट्रायकर इन पॉकेट, फाउल, फाइन. ओनर लेडी, नो स्ट्राइक, ओन्ली पुश. वी शाउट फाउल. शी सेज, माय हाउस!" बोर्ड समोर नव्हता म्हणून मी सरांच्या टेबलावरच बोटानं कट कसा मारायचा ते दाखवलं. नातीचा लकी पेन स्ट्रायकरच्या जागी ठेवला होता. तो सरांच्या चहाच्या कपाला जाऊन लागला.

"अँड द लूजर?" सर हसत होते.

"लूजर मेक्स टी. बिलोली लेडी मेक्स टी, एव्हरी डे."

व्हरांड्यात हशा पिकला. मला कळलं की सगळे ऐकताहेत, पण आता थांबवत नव्हतं. सरांनी शेवटचा प्रश्न विचारला, व्हाय डू यू लाइक इट? तुम्हाला ते का आवडतं?

इथं मी थांबले. हे मला कुणी मराठीतही विचारलं नव्हतं. शब्द शोधायला वेळ लागला. "मॉर्निंग इज फॉर टिफिन," मी म्हणाले. "इव्हिनिंग इज फॉर टिफिन. आफ्टरनून इज माइन."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "थँक यू, मॅडम." त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. म्हणजे पास का नापास, ह्याचा मला अंदाज येईना. पेन उचलला आणि बाहेर आले.

लिंबाखाली हे उभे होते. पेपर घडी करून काखेत. खिडकीतून सगळं ऐकलेलं. मला वाटलं, म्हणतील काहीतरी कौतुकाचं.

"तू तिकडं कॅरम खेळतीस?"

"हाव."

"रोज?"

"हाव की."

"माझ्यावाचून?" अगदी पोरासारखं तोंड झालं होतं. "मी इकडं दोन्ही बाजूनं एकटा खेळून राहिलोय. अन् तरी हरून राहिलोय."

मला हसू आवरेना. कॉलेजच्या आवारात, त्या वयात, मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि अंगणवाडीताया बघत होत्या.

निकाल लागायला पुढं बरेच दिवस गेले. ते दिवस मी कसे काढले मला विचारू नका. डाव चालू होते, पण माझा नेम गेला होता. बिलोलीवालीला आयुष्यात पहिल्यांदा आयता चहा मिळायला लागला. नातीला मी तोंडी परीक्षेचं काहीच सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं, "झाली." तिकिटांवर बोलले का, विचारलं तर म्हटलं, "सुरुवात केली."

निकाल तिच्याच फोनवर आला. ती क्लासवरून आली होती, दप्तर अजून पाठीवरच होतं. फोनकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं. मी परातीत पीठ घेऊन उभी.

"आज्जी."

"सांग लवकर, जीव चाललाय."

"इंग्लिश पास. अन् तोंडीला सगळ्यात जास्त. बाकीच्या सगळ्या विषयांपेक्षा."

मी परातीपाशीच खाली बसले. ती आली आणि पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली, तिचा क्लासचा ड्रेस पांढरा झाला. मग तोंड वर करून म्हणाली, "आता सांग, तिकिटांवर एवढे मार्क कसे दिले?"

मग सांगावंच लागलं. जिन्याखालचा बोर्ड, लोणच्याची बरणी, मेथीची जुडी, सगळं. मला वाटलं आता ती रुसणार. मी मान मोडून अभ्यास करतेय आणि तू खेळतीस म्हणणार.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुझ्या पदराला रोज पावडर असती. पहिले मला वाटलं ज्वारीचं पीठ. पण पिठाला वास येतो, ह्याला येत नव्हता." मग हळूच म्हणाली, "अन् किनवटच्या मावशीच्या पोराला पण ठाऊक हाय. आम्ही मुद्दाम गल्लीच्या तोंडाला बोलत उभं राहायचो थोडा वेळ. तुमचा डाव संपावा म्हणून."

आम्ही बाया लेकरांना फसवत होतो आणि लेकरं आम्हाला वेळ देत होती. मी भाकरी थापायला घेतली.

ती मात्र जेवण सोडून भिंतीपाशी गेली. माझं जुनं वेळापत्रक काढलं, नवीन कागद घेतला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "द्वितीय वर्ष." मला विचारलंही नाही. पहाटे, सकाळ, संध्याकाळ तसंच ठेवलं, आणि दुपारच्या चौकटीत "वाचन" होतं तिथं लिहिलं, "कॅरम." मग जरा विचार करून स्वतःच्या वेळापत्रकातली रविवार संध्याकाळची चौकट खोडली आणि तिथंही काहीतरी लिहिलं.

तव्यापासून मला दिसेना. "तिथं काय लिहिलंस गं?"

"तू अन् मी. एक डाव. हरेल त्यानं चहा करायचा."

"तुला चहा कुठं येतो करायला?"

"म्हणून तर मला जिंकायचंय," ती म्हणाली, आणि ताट घेऊन बसली.